न फुलणारी वेल

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या फाटकावरील वेल गेल्या फेब्रुवारी महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी कशी लहडून गेली होती, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. पालघर स्थानकाकडून येणारे वाटसरू क्षणभर थांबून वर पाहत, आणि मुलांना आणावयास आलेले पालक तिच्याखाली उभे राहून गोष्टी करीत. परंतु हीच वेल त्यापूर्वी सहा वर्षे कमानीवर एकही फूल न देता उभी होती. तिला फूल न येण्याचे कारण दुसरे तिसरे कोणी नसून प्रस्तुत लेखकच होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. ती येथे सांगावी, आणि तिच्या निमित्ताने वेलीला फूल कसे व केव्हा येते याचा थोडा अभ्यास करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या गोष्टीचा आरंभ एका चित्रापासून झाला. इयत्ता आठवीच्या वर्गात जपान देशाविषयी पाठ चालू असता मी मुलांना तेथील अशिकागा नगराच्या उद्यानाचे चित्र दाखविले. त्या उद्यानात विस्टेरिया नावाची एक वेल आहे. तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक असून एकट्या तिच्या मांडवाने सुमारे एक हजार चौरस मीटर जागा व्यापली आहे. 1996 साली ही वृद्ध वेल मुळांसकट उचलून दुसऱ्या जागेवरून सध्याच्या उद्यानात आणून लावण्यात आली आणि ती तेथे जगली. वसंत ऋतूत तिचे हातभर लांबीचे जांभळे घोस मांडवातून खाली लोंबू लागले म्हणजे ती शोभा पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. जपानी लोक या वेलीस 'फुजी' म्हणतात. त्या देशातील प्रसिद्ध पर्वताचे नावही उच्चारात तसेच असले, तरी त्यांच्या लिपीत ते निराळ्या अक्षरांनी लिहितात.

चित्र पाहून तारापूरहून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, अशी वेल आपल्या फाटकावर का असू नये?" त्याच्या घरची वाडी होती, झाडे लावणे व जगविणे हे त्यास नवे नव्हते. मी भरवर्गात उत्तर दिले, "अवश्य असावी. तुम्ही दहावी होऊन बाहेर पडाल त्याच्या आत ही कमान फुलांनी झाकून दाखवितो." शिक्षकाने दिलेला शब्द मुले विसरत नसतात, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

प्रथम विस्टेरियाचीच माहिती घेऊ. ही वेल शिंबाकुलातील, म्हणजे आपला वाल, पावटा, गोकर्ण, पळस व पांगारा यांच्या गोतातील आहे. तिच्या फुलाकडे नीट पाहिले तर गोकर्णाच्या फुलाशी असलेले त्याचे नाते ओळखू येते. तिच्या मुख्य जाती चीन, जपान व उत्तर अमेरिका येथील होत. 1816 साली चिनी विस्टेरिया कँटन बंदरातून इंग्लंडात पोहोचली. आणि 1818 साली थॉमस नटॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक डॉ. कॅस्पर विस्टार यांच्या स्मरणार्थ या कुळास हे नाव दिले. चिनी व जपानी जाती आधाराभोवती परस्परांच्या उलट दिशांनी वळसे घेत चढतात, ही एक मौजेची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातील सिएरा माद्रे गावी 1894 साली लावलेल्या एका वेलीने आज सुमारे एक एकर जागा व्यापली आहे. मुलांनी येथे एवढे मात्र लक्षात ठेवावे की, या वेलीच्या शेंगा व बिया विषारी आहेत. दिसावयास वालासारख्या असल्या तरी त्या तोंडात घालू नयेत.

मी टपालाने बिया मागविल्या. त्या पेरल्या व रोपेही आली. पहिल्या पावसाळ्यात पाणी साचून बहुतेकांची मुळे कुजली. जी दोन उरली ती पुढील मे महिन्यात करपून गेली. त्यानंतर मी जी पुस्तके वाचली ती आधी वाचली असती तर बरे झाले असते. विस्टेरिया ही थंड हिवाळ्याची वेल आहे. तिच्या फुलांच्या कळ्या उन्हाळ्यातच सूक्ष्मरूपाने तयार होतात. मग पाने गाळून ती हिवाळाभर निजते, आणि त्या थंडीनंतर वसंतात कळ्या उमलतात. काश्मीरात व हिमालयाच्या उतारावरील थंड हवेच्या ठिकाणी ती म्हणूनच सुखाने फुलते. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा साधारणपणे सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतो. जिला हिवाळ्याची झोप हवी तिला येथे झोपच लागावयाची नाही. शिवाय बियांपासून केलेल्या विस्टेरियाला तिच्या स्वतःच्या देशातही पहिले फूल येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. तेथील जाणते लोक म्हणून कलमेच लावतात. ती तीन-चार वर्षांत फुलू लागतात. तात्पर्य, मी दिलेला शब्द विस्टेरियाच्या बळावर कधीच खरा होणार नव्हता.

तेव्हा मी दुसरी वेल शोधली. मुंबईतील एका रोपवाटिकेत मला पेट्रियाचे दाबकलम मिळाले. पेट्रिया ही शिंबाकुलातील नव्हे. परंतु तिचे जांभळे तुरे लांबून इतके तसेच दिसतात की, उष्ण देशांत तिला विस्टेरियाची जागा घेणारी वेल समजतात. ती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका या बाजूची आहे. नव्या वनस्पतींचा मोठा शौकीन असलेला इंग्रज उमराव लॉर्ड पेट्री हा 1742 साली ऐन तारुण्यात वारला. त्याचे नाव या वेलीस मिळाले आहे. तिचे पान हाताला पॉलिश कागदासारखे खरखरीत लागते. फुलाची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूस फिकट जांभळ्या पाच निदलांचा तारा असतो व त्याच्या मध्यभागी गडद जांभळे लहानसे फूल असते. ते फूल थोड्याच दिवसांत गळून पडते, पण तारा कित्येक आठवडे टिकतो, आणि शेवटी भिंगरीसारखा गरगरत खाली येतो. शांतिनिकेतनात ही वेल पाहून रवींद्रनाथ ठाकुरांनी तिला 'नीलमणिलता' असे सुंदर नाव दिले.

ही नीलमणिलता मी मोठ्या हौसेने कमानीच्या पायथ्याशी लावली, आणि दिलेल्या शब्दाची काळजी असल्यामुळे तिची सेवा करण्यात कोणतीच कसर ठेवली नाही. दर महिन्यास शेणखत, मधूनमधून मूठभर युरिया, आणि बारा महिने रोज सायंकाळी दोन बादल्या पाणी, असा क्रम ठेवला. वेल झपाट्याने वाढली. दोन वर्षांत तिने कमान झाकली, आणि तिसऱ्या वर्षी ती शेजारच्या कौलारू खोलीच्या छपरावर चढली. पाने काळीभोर हिरवी व तळहाताहून मोठी झाली. दरवर्षी डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या आधी पाहुण्यांना फाटक नीटनेटके दिसावे म्हणून मी माळ्याकडून तिची चारी बाजूंनी कातरणी करून घेत असे. मग फेब्रुवारी येई, मार्च येई, परंतु फुलाचा पत्ता नसे. आपली सेवा कोठे तरी कमी पडते असे समजून मी खत वाढवीत असे.

चित्र पाहिलेली ती मुले दहावी होऊन निघाली. निरोप समारंभ आटोपल्यावर तो तारापूरचा विद्यार्थी माझ्याजवळ आला. त्याने वर कमानीकडे पाहिले, आणि फार सौजन्याने म्हणाला, "सर, फूल आले की कळवा." त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. आणखी तीन वर्षे तशीच गेली. फाटकाच्या डागडुजीची वेळ आली तेव्हा, ही वेल निरुपयोगी असून ती काढावी व तेथे पत्र्याची कमान बसवावी, अशी लेखी सूचना मी स्वतःच्या सहीने केली.

त्याच मार्च महिन्यात पालकसभा होती. विक्रमगड तालुक्यातून एक गृहस्थ आले होते; त्यांची मुलगी आपल्याकडे नववीत होती. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. घरी मोगऱ्याची थोडी लागवड. विक्रमगड, जव्हार व वाडा या भागांत मोगऱ्याची शेती आता पुष्कळ होते, हे आपणांस माहीत आहेच. भल्या पहाटे मिटलेल्या कळ्या खुडावयाच्या, आणि त्या उमलण्यापूर्वी दादरच्या फूलबाजारात पोहोचवावयाच्या, असा तो कष्टाचा धंदा आहे. सभा संपल्यावर ते कमानीखाली उभे राहून वर पाहत होते. मी म्हणालो, "भाऊ, ही वेल आता काढावयाची आहे. सहा वर्षे झाली, फूल म्हणून नाही."

ते काही न बोलता कौलारू खोलीच्या मागच्या बाजूस गेले आणि तेथून त्यांनी मला हाक मारली. "गुरुजी, फूल नाही कसे? ते बघा."

छपराच्या पलीकडच्या उतारावर, जेथे माळ्याची कातरी पोहोचत नव्हती व जेथे दिवसभर ऊन पडते, तेथे जांभळ्या ताऱ्यांचे चार-पाच तुरे लोंबत होते. सहा वर्षांत मी त्या बाजूस एकदाही गेलो नव्हतो. ज्या फांद्यांची मी सर्वांहून अधिक निगा राखली त्या मोकळ्या होत्या, आणि ज्यांच्याकडे माझे लक्षच नव्हते त्या फुलल्या होत्या.

ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही हिला कधी कापता?"

मी म्हणालो, "डिसेंबरात."

"म्हणजे फूल यायच्या तोंडावर हिची हजामत करता."

"पण तुम्हीही मोगरा डिसेंबराच्या सुमारासच छाटता ना?"

"होय. माझा मोगरा नव्या धुमाऱ्यावर फुलतो. छाटला नाही तर धुमारा फुटायचा नाही, आणि कळी यायची नाही. ही कशावर फुलते ते आधी बघा. बघा, हा तुरा आला आहे तो गेल्या पावसाळ्यातल्या फांदीला आला आहे. ती फांदीच तुम्ही काढून टाकता."

मित्रहो, पदवीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसास हा धडा चौथी शिकलेल्या गृहस्थाकडून मिळाला. मला त्याची लाज वाटली, आणि थोड्या वेळाने आनंदही वाटला. त्याच सायंकाळी मी मुख्याध्यापकांकडे जाऊन माझी लेखी सूचना परत घेतली.

आता या गोष्टीतील शास्त्र पाहू. वेल न फुलण्याची कारणे बहुधा चार असतात: उन्हाची उणीव, खताचा अतिरेक, पाण्याचा अतिरेक आणि अवेळी छाटणी. आमच्या कमानीवर ही चारही एकत्र नांदत होती.

पहिले कारण ऊन. फूल तयार करण्यास वनस्पतीपाशी शर्करेचा साठा लागतो, आणि तो साठा पाने केवळ सूर्यप्रकाशातच करू शकतात. फुलवेलीस दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळावे असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या फाटकाशेजारील वर्षावृक्षाची एक मोठी फांदी कमानीवर आडवी आली होती. तिच्या सावलीत पाने जगली, परंतु फुलासाठी शिल्लक काही राहिले नाही.

दुसरे कारण खत. वनस्पतींना मुख्यत्वे नत्र, स्फुरद व पालाश ही तीन द्रव्ये लागतात. नत्राने पाने व फांद्या जोमाने वाढतात. युरियामध्ये शेकडा 46 भाग नत्र असते. तेव्हा मूठभर युरिया हा दिसावयास थोडा असला तरी वेलीस थोडा नसतो. अमेरिकेतील क्राउस व क्रेबिल या दोन शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या झाडांवर प्रयोग करून 1918 साली असे दाखविले की, ज्या झाडांना नत्र विपुल मिळते ती हिरवीगार वाढतात, पण त्यांना फळ धरत नाही. आणि ज्यांना नत्र अगदीच मिळत नाही ती खुरटतात, व त्यांनाही फळ धरत नाही. नत्र माफक व शर्करेचा साठा भरपूर, अशा मधल्या स्थितीत झाड फळते. उपाशी झाड फुलत नाही हे सर्वांस ठाऊक असते. अति पोसलेले झाडही फुलत नाही, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. विस्टेरियाला तर नत्राचे खत देणे अधिकच अनाठायी, कारण शिंबाकुलातील वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत जे सूक्ष्म जंतू राहतात ते हवेतील नत्र घेऊन वेलीस पुरवीतच असतात.

तिसरे कारण पाणी. मार्च-एप्रिलमध्ये जव्हारच्या वाटेने जाल तर रानात कुसरीच्या वेली पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरलेल्या दिसतात. त्यांना कोण पाणी घालते? पाऊस थांबून पाच-सहा महिने झालेले असतात, जमीन कोरडी पडलेली असते, आणि अशा वेळी त्या फुलतात. आपल्याकडील पुष्कळ वृक्षवेलींचा स्वभाव असाच आहे: पावसाळ्यात वाढावयाचे, हिवाळ्यात थबकावयाचे, आणि कोरड्या ऋतूत फुलावयाचे. आपले बागाईतदार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. संत्रा, मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरताना ते काही आठवडे पाणी तोडतात. यालाच 'ताण देणे' म्हणतात. वाढ थांबते, काही पाने पिवळी पडून गळतात, फांद्यांत अन्नसाठा जमतो, आणि मग खत-पाणी देताच झाड कळ्यांनी भरते. मोगऱ्यालाही पावसाळा संपल्यावर असाच ताण देतात. माझ्या दोन बादल्यांनी आमच्या वेलीस वर्षभर पावसाळाच भासत राहिला. वाढ थांबविण्याचे तिला काही कारणच उरले नाही.

चौथे कारण अवेळी छाटणी, आणि आमच्या बाबतीत हेच सर्वांत मोठे होते. छाटणी केव्हा करावी याचे उत्तर पंचांगात नसून त्या त्या वेलीच्या फांदीत असते. मोगरा व बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. म्हणून त्यांना फुलण्याच्या हंगामापूर्वी छाटावे. नीलमणिलतेचे तुरे आधीच्या हंगामात वाढून पक्व झालेल्या फांद्यांवर येतात. म्हणून तिला फुले ओसरल्यावर लगेच छाटावे, म्हणजे पुढील पावसाळ्यात नव्या फांद्या होऊन त्यांना पक्व होण्यास अवधी मिळतो. विस्टेरियाची वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात लांब कोवळे शेंडे पाच-सहा पाने राखून कापतात, आणि कडक हिवाळ्यात त्याच फांद्या दोन-तीन डोळ्यांपर्यंत आणखी आखूड करतात; त्या आखूड खुंट्यांवर घोस येतात. ही रीत परकी वाटेल, पण नाशिककडील द्राक्षबागाईतदार थेट असेच करीत असतात. एप्रिलात ते खरड छाटणी करतात. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. मग ऑक्टोबरात ते फळछाटणी करतात व तेच घड बाहेर येतात. काडीच्या कोणत्या डोळ्यात घड आहे हे न पाहता जो कातरी चालवील, त्याच्या मांडवावर त्या वर्षी पानेच राहतील.

त्या गृहस्थांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही पुढील क्रम ठरविला. मार्च संपताना छपरावरील तुरे ओसरले, तेव्हा वाळक्या व गुंतलेल्या फांद्या काढून कमानीवरील फांद्या मोकळ्या केल्या. मेमध्ये वर्षावृक्षाची आडवी फांदी उतरविली. पावसाळ्याच्या आरंभी एकदाच दोन पाट्या जुने कुजलेले शेणखत व थोडी राख घातली. युरिया अजिबात दिला नाही. पावसाळ्यात नव्या फांद्या फुटल्या त्या कापल्या नाहीत. सुतळीने कमानीवर पसरून बांधल्या. ऑक्टोबर संपल्यावर रोजचे पाणी बंद करून पंधरा दिवसांनी एकदा, पान मान टाकू लागले तरच, द्यावयाचे ठरविले. डिसेंबरात स्नेहसंमेलन आले. कमान अस्ताव्यस्त दिसत होती, पाने मलूल होती, आणि एका पाहुण्यांनी, तुमच्याकडे माळी नाही काय, असे विचारलेही. कातरी मागविण्याचा मोह मला झाला; तो कसाबसा आवरला.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी त्या नववीतून दहावीत गेलेल्या मुलीने वर्गात येऊन सांगितले की, फांद्यांच्या टोकांशी राखी-जांभळे बारीक मणी दिसत आहेत. फेब्रुवारीच्या मध्यास कमान फुलली. मी त्या तारापूरच्या विद्यार्थ्यास कळविले. तो आता बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. पाळी संपवून तो सायंकाळी आला, बराच वेळ वर पाहत उभा राहिला, आणि मग त्याने विचारले, "सर, इतकी वर्षे हिला काय झाले होते?" मी त्यास सर्व हकीकत सांगितली. तो हसून म्हणाला, "आमच्या आजोबांना विचारले असते तरी त्यांनी सांगितले असते." ते खरेच होते. मी पुस्तकांना विचारले व खताच्या दुकानदाराला विचारले. वाडीत आयुष्य घालविलेल्या माणसांना विचारावे हे मला सुचले नव्हते.

ज्या पालकांच्या अंगणात एखादी वेल वाढते पण फुलत नाही, त्यांच्यासाठी शेवटी थोडक्यात सांगतो. प्रथम वेलीचे नाव व तिची मायभूमी विचारून घ्यावी. थंड देशची वेल येथे लावून तिच्यावर रागावू नये. नंतर एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर किती तास ऊन पडते ते मोजावे. हे काम मुलांकडे सोपवावे. कोणाकडे तीच वेल फुललेली असेल तर तेथे जाऊन तुरा नव्या कोवळ्या फुटीवर आहे की जुन्या फांदीवर, हे डोळ्यांनी पाहावे, व त्यावरून छाटणीचा महिना ठरवावा. नत्राचे खत एक वर्ष बंद ठेवावे. पावसाळा संपल्यावर, वेल मुरलेली व जमिनीत लावलेली असेल तर, पाणी हळूहळू कमी करावे. मात्र कुंडीतील वेलीस असा ताण फार देऊ नये, कारण कुंडीतील मूठभर माती लवकर सुकते व वेल मरते. चिंचणी-तारापूरकडे किनाऱ्यालगत ज्यांच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्यांनी ते पाणी जपून वापरावे. हे सर्व करून निदान दोन हंगाम वाट पाहावी. आणि वेल काढून टाकण्यापूर्वी एकदा तिच्या मागच्या बाजूस जाऊन यावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांना या विषयाची गोडी वाटेल त्यांनी येत्या सुट्टीत आपल्या गावातील तीन वेलींची नोंद करून आणावी: वेलीचे नाव, फुलण्याचा महिना, आणि फूल कोणत्या फांदीवर येते. आपल्या आजीआजोबांना अवश्य विचारा, आणि त्यांनी सांगितलेले स्वतः पडताळून पाहा. पालघर, बोईसर, केळवे, डहाणू, जव्हार अशा निरनिराळ्या गावांच्या नोंदी एकत्र झाल्या तर आपल्या जिल्ह्यातील फुलवेलींचे एक लहानसे कोष्टक तयार होईल, व ते पुढील अंकात छापता येईल. फाटकावरील वेलीच्या नोंदीचे काम मात्र मी स्वतःकडे ठेवले आहे. यंदा डिसेंबरात कमान अस्ताव्यस्त दिसली, तर पाहुण्यांना काय सांगावयाचे हे आता तुम्हांला माहीत झाले आहे.